अक्कांचं जिवंत पाणी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर क्रीमच्या दोन उघड्या वाट्या होत्या. एकीवर हिरवी बुरशी, दुसरी लोण्यासारखी पांढरी. दोन्ही एकाच दिवशी भरून एकाच कपाटात ठेवल्या होत्या, असं अक्का सांगत होत्या. ब्युटी पार्लर चालवणाऱ्या या बाईंना आता सगळेच अक्का म्हणत.

"या पांढऱ्या वाटीत केमिकल नाही, काही नाही. फक्त मुळा आंबवून काढलेलं माझं जिवंत पाणी. त्याला कुजणं ओळखता येतं. सुरकुत्या म्हणजे तरी काय? कुजणंच की!"

बायका माना डोलवत होत्या. माझी ताईही. ताई रफू करायची. तिनं बुजवलेलं भोक हात फिरवूनही सापडायचं नाही. दिवसभर सुतावर नजर लावून तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"मुळ्याला एवढी अक्कल असती," मी कुजबुजलो, "तर तो भाजीवाल्याकडे सुकत पडला असता का?"

"तुला सगळ्यातच खोट दिसते," म्हणत तिनं क्रीमची एक बरणी विकत घेतली.

पुढे क्रीमला कुबट वास यायला लागला. ताईनं विचारलं तर अक्का म्हणाल्या, "जिवंत आहे ते. वास येणारच." ताई ते डोळ्यांभोवती लावत राहिली. एकदा काम करताना सुताचं कुसळ डोळ्यात गेलं, तिनं चोळलं. डोळा लाल झाला, मग बुबुळावर पांढरा डाग आला.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बरणी तपासायला पाठवली. डोळ्यात सापडलेले जंतूच बरणीत भरून होते. मग त्या माझ्याबरोबर हॉलमध्ये आल्या आणि सगळ्यांदेखत पांढऱ्या वाटीतलं चमचाभर क्रीम घेऊन गेल्या. अहवाल आल्यावर आम्ही पुन्हा गेलो. या वेळी ताईही आली, डोळ्यावर पट्टी बांधून.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आंबवलेलं पाणी काही जंतूंना रोखतं, हे खोटं नाही. पण ते किती घालायचं, त्या क्रीममध्ये टिकतं का, हे तपासावं लागतं. यांनी काहीच तपासलं नाही. विकलेल्या बरणीत नुसतं आंबट पाणी होतं, जंतूंना आयतं जेवण. आणि या पांढऱ्या वाटीत कारखान्यातलं साधं प्रिझर्वेटिव्ह आहे, बाजारच्या क्रीममध्ये असतं तेच."

अक्का खाली बघत म्हणाल्या, "ती वाटी रोज उघडी असते. खराब झाली तर लोक विश्वास कसा ठेवणार?"

ताई चिडली नाही. तिनं हळूच विचारलं, "मग माझ्या बरणीत का नाही घातलंत?"

अक्कांनी पांढऱ्या वाटीवर झाकण ठेवलं.

ताईचा तो डोळा गेला. रफूचं काम सुटलं. आता ती शर्टांना बटणं लावते आणि सुई ओवायला मला हाक मारते.

म्हणून सांगतो. नैसर्गिक म्हटलं की झालं, असं नसतं. जंतूही नैसर्गिकच असतात. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, जे दाखवताय तेच देताय का, आणि ते तपासलंय कुणी? विचारताना संकोच वाटेल. वाटू द्या, पण विचारा.