भोक दाखवल्याशिवाय

पंक्चर काढणारे उस्ताद गिऱ्हाइकावर विश्वास ठेवत नसत, आणि गिऱ्हाइकानं आपल्यावर ठेवावा असंही त्यांना वाटत नसे. चाकातली ट्यूब काढायची, हवा भरायची, पाण्याच्या टबात दाबायची आणि बुडबुडे आले की हाक मारायची, "या, वाका, बघा स्वतःच्या डोळ्यांनी." साहेब असो की दूधवाला, टबात डोकावल्याशिवाय सुटका नव्हती. भोक दाखवल्याशिवाय ठिगळ लावायचं नाही, हा त्यांचा कायदा. घाईतली माणसं वैतागायची. उस्ताद म्हणायचे, "मग पुढच्या चौकात जा. तिथे न बघता दोन लावून देतात."

अशा माणसाचा आजार त्याच्याच बायकोनं त्याच्यापासून लपवून ठेवला. आता बोला.

अख्खी गल्ली तिला काकी म्हणायची. काकी काही खोटारड्या नव्हत्या. उलट फटकळ म्हणूनच प्रसिद्ध. पण उस्तादांचा खोकला हटेना, थुंकीत रक्ताची रेघ दिसली, छातीचे फोटो झाले, सुईनं तुकडा काढून तपासून झाला, आणि डॉक्टरीणबाईंनी काकींना आणि शाळेत शिकवणाऱ्या लेकीला खोलीत बोलावून सांगितलं, की फुप्फुसाचा कॅन्सर आहे, लवकर सापडलाय, उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढावा लागेल. उस्ताद तेव्हा पलीकडे श्वासाच्या तपासणीला बसले होते. काकींच्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते हेच, "त्यांना सांगू नका."

कारण होतं. उस्तादांचा धाकटा भाऊ हेच नाव ऐकून घरी आला होता, भिंतीकडे तोंड करून झोपला होता, आणि औषधाला शिवलासुद्धा नव्हता. काकींनी त्याच्या उशाशी बसून ते शेवटचे दिवस काढले होते. त्यांनी हात जोडले. "छातीत गाठ आहे, ती काढायची, एवढंच म्हणा. नाव ऐकलं तर ते टेबलावर चढायचे नाहीत."

डॉक्टरीणबाईंना हे मुळीच पटलं नाही. "ऑपरेशन पार पडेपर्यंत तुमचं ऐकते," त्या म्हणाल्या. "पुढे तुम्ही सांगायचं. नाहीतर मी सांगेन."

ऑपरेशन पार पडलं. उस्ताद शुद्धीवर आले तेव्हा बरगड्यांमधून एक नळी निघून पलंगाखालच्या बाटलीत गेली होती. बाटलीत पाणी, आणि खोकलं की पाण्यात बुडबुडे. झालं. टबासमोर जन्म काढलेला माणूस, त्याला ते दिसल्यावर चैन कसली पडतेय?

"अगं, हे गळतंय," ते काकींना म्हणाले. "ह्या लोकांनी काम अर्धवट सोडलंय."

काकींना सगळं माहीत होतं. फुप्फुस जिथे कापलंय तिथून थोडी हवा निसटते, ती जागा आपोआप भरून येते, तोवर हवेला बाहेर जायला वाट हवी, म्हणून नळी. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. पण हे सांगायचं म्हणजे फुप्फुस कापलंय हे सांगायचं, आणि कशासाठी कापलं तेही सांगायचं. काकी चादर नीट करत म्हणाल्या, "असंच असतं म्हणे."

उस्ताद सोसायचे सगळं. छातीशी उशी धरून खोकायचे, कण्हत कण्हत वऱ्हांड्यात चालायचे, श्वास ओढून प्लॅस्टिकच्या तीन गोळ्या वर उचलायचं ते खेळणं तोंडाला लावायचे. एकच गोळी वर जायची. "पोरंटोरं हसतील मला," म्हणायचे. पण नजर सारखी बाटलीकडे. एवढ्याशा गाठीसाठी इतकं कोण झोपवून ठेवतं? दुकान बंद, गिऱ्हाइकं पुढच्या चौकात. सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, बुडबुडे थांबल्याशिवाय नळी निघायची नाही आणि नळी निघाल्याशिवाय घर नाही.

तेवढ्यात काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर पुरता निघाला होता, पण शेजारच्या एका बारक्या ग्रंथीत त्याचा अंश सापडला होता. जखम भरली की शिरेतून औषधं द्यावी लागणार होती. जिन्यात लेकीनं आईचा हात धरला. "आई, आज सांग. त्या औषधांना काय नाव देणार आहेस तू? टॉनिक?"

"नळी निघू दे," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला त्या डबा घेऊन गेल्या, तर बाटलीतलं पाणी शांत. उस्तादांनी डोळा मारला. "थांबले की नाही? बोलव सिस्टरला. म्हणावं, सोड आता."

काकींना एवढं हायसं वाटलं की डोळे भरून आले. त्यांनी पदरानं नवऱ्याच्या मानेवरचा घाम टिपला, आणि बोटांखाली कातडी कुरकुरली. पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा कुरकुर. मान सुजली होती, एक डोळा बारीक झाला होता, आणि मघाचं ते वाक्य उस्तादांनी तीनदा श्वास घेऊन म्हटलं होतं, हे काकींच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी चादर ओढली. मांडीखाली नळी दुमडून ठेवली होती, आणि दुमडीवर काळ्या रबराची पट्टी करकचून आवळली होती. जुन्या ट्यूबची पट्टी. काल डब्याचं झाकण उडू नये म्हणून काकींनीच ती बांधून आणली होती.

गाठ सुटेना. काकी ओरडल्या तशी सिस्टर धावत आली, तिनं कात्रीनं पट्टी कापली, आणि बाटलीत पाणी खदखदायला लागलं. नाकाला ऑक्सिजन लागला, फोटो निघाला, पडदे ओढले गेले. काकी भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात कापलेली पट्टी. आपणच मारलं असतं ह्यांना, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

श्वास जागेवर आल्यावर डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "काका, का केलंत असं?"

"बुडबुडे बंद झाले की काम झालं," उस्ताद पुटपुटले. "आमच्यात तरी तसंच."

"तुमच्यात हवा आत कोंडायची असते. इथे ती बाहेर जाऊ द्यायचीय. वाट बंद केली की ती आतच साठते, कातडीखाली शिरते आणि उरलेलं फुप्फुस दाबून टाकते."

"उरलेलं?" उस्तादांनी मान वळवली. "गाठ काढली ना नुसती?"

डॉक्टरीणबाईंनी काकींकडे पाहिलं.

काकी पलंगाच्या कडेला बसल्या. "कॅन्सर होता, अहो," त्या म्हणाल्या. "वरचा भाग काढलाय फुप्फुसाचा. शेजारी एका ग्रंथीत थोडा सापडलाय. त्याची औषधं घ्यावी लागतील. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

उस्ताद भिंतीकडे वळले. भाऊसुद्धा असाच वळला होता, अगदी असाच. डॉक्टरीणबाई उठून पडद्याबाहेर जाऊन थांबल्या.

उस्ताद भिंतीशीच बोलले. "मी परक्या माणसाला भोक दाखवल्याशिवाय ठिगळ लावलं नाही. आणि तू मला न दाखवता लावलंस."

"भ्याले हो मी," काकी म्हणाल्या आणि रडू लागल्या. "तुम्ही पण भावजींसारखे निजून राहाल म्हणून भ्याले."

उस्तादांनी समजूत घातली नाही. तेवढं मन मोठं नव्हतं त्यांचं त्या घटकेला. नळी सांभाळत, ओठ चावत ते हळूहळू इकडच्या कुशीला आले.

"ती बाटली पुढे सरकव. उचलू नको, खालीच राहू दे. मला दिसली पाहिजे."

काकींनी सरकवली. उस्तादांनी उशी छातीशी दाबली आणि मुद्दाम खोकले. दुखण्यानं चेहरा वाकडातिकडा झाला. पाण्यात बुडबुडे आले.

"वाक," ते म्हणाले. "बघ स्वतःच्या डोळ्यांनी."

काकी जमिनीवर गुडघे टेकून वाकल्या.

"भोक आहे अजून?" उस्तादांनी विचारलं.

"आहे," काकी म्हणाल्या.