खुंटीला टांगलेले बिल्ले

रुग्णालयातल्या हृदयविभागात अँजिओग्राफीच्या खोलीबाहेर, उर्कुपिन्याची माता म्हणून तिथले ख्रिस्ती लोक जिला नवस बोलत त्या देवमातेच्या तसबिरीखाली, भिंतीला खुंट्यांची एक रांग होती. आत जाण्यापूर्वी प्रत्येकजण छातीवरचा छोटा बिल्ला काढून खुंटीला अडकवायचा आणि मगच शिशाचा जड एप्रन चढवायचा. अंगावर यंत्राची किती क्ष-किरणं पडली हे मोजण्यासाठीच तो बिल्ला दिलेला होता. म्हणजे मोजायची वेळ आली की बिल्ला बाहेर!

हे शहाणपण डॉक्टर एलिओदोरो उर्किदी यांचं. काही वर्षांपूर्वी बिल्ल्यांचे आकडे मर्यादेबाहेर गेले, आणि सरकारी माणसांनी खोलीला टाळं ठोकलं. त्या दिवसांत हृदयविकाराच्या एका शेतकरणीने दूरच्या सांताक्रूझ शहरातल्या रुग्णालयात नेताना वाटेतच प्राण सोडला. डॉक्टरांच्या ते जिव्हारी लागलं. "पुन्हा खोली बंद पडायला नको," ते म्हणाले. "बिल्ले बाहेर ठेवा. किरणं मोजू दे मातेला!" सगळे हसले. हसत हसत ती रीतच पडून गेली. दर महिन्याला बिल्ले तपासून ला पाझच्या सरकारी कचेरीतून आकडे यायचे, सगळं आलबेल असायचं, आणि डॉक्टर त्याखाली सही करायचे.

कासिल्दा रोचा ही त्या खोलीतली जुनी परिचारिका. रुग्णाच्या उशाशी उभं राहून औषधं देणं हे तिचं काम. दहा वाजता सगळे साल्तेन्या, म्हणजे आत रस्सा भरलेल्या करंज्या, खायला बसत, तेव्हा ज्याच्या हातून रसाचा थेंब सांडेल त्याने सगळ्यांचे पैसे द्यायचे, अशी पैज असायची. कासिल्दा कधी हरली नव्हती. त्या दिवशी मात्र तिच्या पांढऱ्या कपड्यांवर ओघळ आला आणि तिला तो दिसलाच नाही.

"घ्या! महाराणी हरल्या!" यानेथ नावाची तरणी परिचारिका टाळ्या पिटत ओरडली. कासिल्दाही हसली, पण हसता हसता तिने कपड्यावर भलतीकडेच रुमाल फिरवला.

त्याच दुपारी कामाच्या मध्येच तिने औषधाची कुपी डोळ्यांना चिकटवून वाचायला घेतली. रुग्णाचा रक्तदाब घसरत होता.

"कासिल्दाबाई, कुपी वाचताय की बायबल?" डॉक्टर खेकसले. "चष्मा बदला, नाहीतर खोली बदला!"

तिने चष्मा बदलला. तरी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत फुटायचे ते फुटतच राहिले. शेवटी नेत्रतज्ज्ञ नील्दा अंतेसाना यांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि तो कामावरच्या किरणांनी दिलेला आहे. रुग्णालयाने हात झटकले. बिल्ल्याचे आकडे उत्तम आहेत म्हणाले. तेव्हा हा आजार तुमचा, आमचा नाही. तिला कामावरून कमी करायचं ठरलं. तिने दाद मागितली, म्हणून एक समिती बसली.

कासिल्दा डॉक्टरांच्या दाराशी आली.

"डॉक्टर, तुम्ही फक्त एवढंच सांगा की बिल्ले बाहेर असायचे."

"अहो, माझा परवाना जाईल!"

"आणि माझी नोकरी चालली त्याचं काय?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. रुग्ण वाट पाहतोय, म्हणाले. ती जिन्याचा कठडा चाचपत उतरली.

त्या आठवड्यात नील्दाने डॉक्टरांना बोलावून घेतलं. दोघं एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

"बस इथे. हनुवटी टेकव. हलू नकोस." तिने त्यांच्या डोळ्यांत प्रकाश सोडला. "डावा डोळा. भिंगाच्या मागच्या बाजूला, मधोमध. तुझाही सुरू झालाय, एलियो."

"वयाचा असेल."

"तुला साखर नाही, स्टेरॉइड तू घेत नाहीस. किरणांच्या यंत्राकडे तुझी कोणती बाजू असते?"

त्यांनी आपल्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. डावी बाजू असायची.

"आणि मेंदू?" त्यांनी हळूच विचारलं.

"डोळ्यांचं मी छातीठोकपणे सांगते. मेंदूचं नाही सांगणार. तुझ्यासारखं काम करणाऱ्या काही डॉक्टरांच्या डोक्यात डाव्या बाजूला गाठी सापडल्यात. त्या किरणांनीच झाल्या का, यावर अजून शोध चालू आहे. पण तुझ्यासारखे लोक मोजूच देत नाहीत, तर कळणार तरी कसं?"

"खोली बंद पडली तेव्हा माणूस मेलं होतं, नील्दा! मी रुग्णांसाठी केलं ते."

"रुग्णांसाठी तू स्वतःचे डोळे दे, तुझी मर्जी. तिचे डोळे देऊन टाकायला तुला कोणी सांगितलं होतं?"

डॉक्टर खुर्चीवरून उठले. इतकी वर्षं ज्याला आपण त्याग म्हणत आलो, त्याचा अर्धा भार दुसरीच बाई उचलत होती! त्यांना स्वतःची किळस आली. परवाना जाईल तर जाऊ दे, असं ठरवूनच ते समितीपुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

रुग्णालयाचे संचालक आर्से यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टर, इतक्या वर्षांचे आकडे सांगतात की धोका नव्हता. त्याखाली सही तुमची. तुम्ही तेव्हा खोटं बोलत होता, की आज बोलताय?"

"तेव्हा!"

"पुरावा?"

इतरांना बोलावलं गेलं. तंत्रज्ञ म्हणाला, बिल्ला मी कधीच काढला नाही. यानेथ जमिनीकडे बघत तेच म्हणाली. पोटापुढे कोणाचं काय चालतं? कासिल्दाचा अर्ज फेटाळला गेला. डॉक्टरांचा परवानाही शाबूत राहिला, कारण त्यांच्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही. त्यांनी रचलेलं खोटं त्यांच्याहून इमानदार ठरलं!

बाहेर पायऱ्यांवर कासिल्दा काळा चष्मा लावून बसली होती.

"मला माफ करा," डॉक्टर म्हणाले.

"राहू द्या ते. ऑपरेशन केल्यावर दिसेल मला, पण नोकरी कोण देणार या वयात? आणि माझ्या जागेवर आता ती पोर उभी राहतेय. ती खोटं बोलली म्हणून तिच्यावर डूख धरू नका. खोटं बोलायला तिला आपणच शिकवलं."

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी बिल्ला लावल्याशिवाय कोणाला आत घेतलं नाही. महिन्याच्या शेवटी आकडे मर्यादेबाहेर गेले आणि खोलीला पुन्हा टाळं लागलं. "म्हातारपणी सज्जनपणाची हौस आलीय," लोक त्यांच्या तोंडावर बोलले. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं, आणि या वेळी टाळ्यामुळे कोणाचा जीव जाऊ नये म्हणून रुग्णांबरोबर ते स्वतः सांताक्रूझच्या वाऱ्या करत राहिले.

तपासायला आलेल्या माणसांनी सांगितलं, उशाशी उभं राहणाऱ्यासाठी शिशाचा पडदा लावा, सगळ्यांना शिशाच्या काचांचे चष्मे द्या, मगच खोली उघडेल. रुग्णालयाने ते मुकाट्याने आणलं आणि खोली उघडली. पुढच्या महिन्यात यानेथचा आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली आला. एक पडदा! तो इतकी वर्षं आला नव्हता, कारण आकडे उत्तम असताना पडदा मागणार कोण?

वाचकहो, धोका मोजणारं साधन आपल्यावर पहारा ठेवायला आहे असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण त्याला चकवतो आणि वर शहाणपण मिरवतो. पण ते आपल्या बाजूचा एकमेव साक्षीदार असतं. त्याचं तोंड आपण दाबलं, तर उद्या आपल्यासाठी बोलायला कोणी उरत नाही, आणि किंमत बहुधा आपल्या शेजारी उभं असलेलं माणूस मोजतं. डॉक्टर उर्किदींना हे कळलं, पण नवे आकडे कासिल्दाच्या वर्षांची साक्ष देऊ शकत नव्हते; तिला त्याचा काहीही उपयोग झाला नाही.