टेकडीवरचा पिवळा चौकोन

तिने स्क्रीनवरचा नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि टेकडीवरच्या पिवळ्या चौकोनावर बोट टेकवलं.

"हा बघ. सकाळी नव्हता."

शेजारच्या टेबलावरचा सहकारी खुर्चीसकट सरकत आला. ऑफिसात सगळे त्याला पूरवाला म्हणत. पूर, वणवे, भूकंप यांचा ऑनलाइन नकाशा त्याच्याकडे होता. तिचा नकाशा शांत दिवसांचा. कुठे किती फोन चालतात, नवी उपकरणं कुठे पसरताहेत, ते त्यावर पिवळ्या रंगात दिसे. जितके फोन जास्त, तितका पिवळा गडद. दुकान कुठे थाटावं हे ठरवायला कंपन्या तो बघत. आज मात्र नदीला पूर आला होता आणि तिचा पिवळा त्याच्या पुराच्या निळ्यावर चढवलेला होता. बोटी कुठे पाठवायच्या, असं बचाव कक्षातून सारखं विचारत होते.

"टेकडीवर कोण राहतं? एक पाण्याची टाकी आणि एक टॉवर," पूरवाला म्हणाला. "खालचा टॉवर बुडाला असणार. मग खालच्या वस्तीतले फोन वरच्या टॉवरला लागले. माणसं खालीच आहेत, नकाशा त्यांना वर दाखवतोय."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एरवी तिनेही हेच म्हटलं असतं.

खालच्या वस्तीत तिचे वडील, अप्पा, एकटे राहत. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, त्याच्याच मागे खोली. मोबाइल होता, पण 'बॅटरी उगाच जळते' म्हणून बंद करून कपाटात ठेवलेला. सकाळपासून ती तोच नंबर लावत होती.

बाई, म्हणजे त्यांच्या वरिष्ठ, दारातूनच म्हणाल्या, "बोटी तयार आहेत. खालची वस्ती सांगू ना?"

"सांगा," पूरवाला म्हणाला.

"थांबा."

आपला आवाज एवढा मोठा कसा निघाला, तिलाच कळेना. बोटी वस्तीत गेल्या तर अप्पांच्या दारावरून जातील. जाऊ देत की. तोंडाशी आलेलं ते तिने गिळलं आणि टॉवरची यादी उघडली.

"खालचा टॉवर बुडालेला नाही," ती म्हणाली. "तो इमारतीच्या गच्चीवर आहे. चालू आहे."

"मग?"

"चालू आहे आणि रिकामा आहे. खाली कुणी असतं तर फोन त्यालाच लागले असते. माणसं खरंच वर गेलीत."

पूरवाल्याने वाकून पाहिलं. गाल खाजवला. "गेलीत खरी," तो हळूच म्हणाला. "पण अप्पांचा फोन तर..."

"बंदच असतो. नकाशावर ते कुठेच नाहीत."

बाईंनी फोन उचलला. "टेकडी सांगू?"

"टेकडी," ती म्हणाली आणि हात मांडीखाली दाबून बसली.

बोटी निघाल्या. पूरवाल्याने चहा आणून ठेवला, तो गार झाला. दुपार कलली तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"कामात आहेस का?"

"अप्पा!" ती उठून उभी राहिली. "कुठे आहात? बरे आहात ना?"

"टाकीखाली. अख्खी वस्ती इथे आलीय, बसायला जागा नाही. आत्ता बोटी आल्या. आणि त्या सुताराने माझं दार मोडलं."

सुतार म्हणजे पलीकडच्या भिंतीचा शेजारी. त्याच्या करवतीच्या आवाजावरून दोघांचं वाजलं, त्याला कित्येक वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

"दार कशाला मोडलं?"

"मला त्यावर निजवून पाण्यातून ढकलत आणलं. गुडघे धरलेत ना माझे. फोनही त्याचाच आहे. घे, बोल त्याच्याशी."

"ताई," सुताराचा घसा बसला होता. "दार नवं करून देईन म्हणावं. तुम्हीच सांगा. माझ्याशी ते बोलत नाहीत."

ती हसली की रडली, पूरवाल्याला समजेना. तो नुसताच पाण्याची बाटली पुढे करून उभा राहिला.

"त्याला सांग, जाड लाकडाचं होतं ते!" मागून अप्पा ओरडले.

"जाड कसलं? पोखरलेलं होतं. म्हणून तर तरंगलं."

"पोखरलेलं? चाळीस वर्षांत कुरकुरलं नाही कधी!"

"तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, अप्पा. कुरकुर मला ऐकू यायची, भिंतीपलीकडे."

"मग तेव्हा सांगायचं नाही?"

"सांगणार कसं?"

मग अप्पांचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "सरक जरा इकडे. भिजतोयस."

फोन चालूच राहिला होता. तिच्याशी आता कुणीच बोलत नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि ऐकत राहिली.