बोरसीची चक्की आणि बिननावाचे डबे

धंदा विकणारा माणूस गुडघ्यांबद्दल बोलू लागला, की त्याचे गुडघे पाहू नयेत, लाइट बिल पाहावं. भाचीला, हर्षाला, मी एवढंच सांगितलं होतं. तिनं वर्षभराची बारा बिलं मांडून पाहिली.

दुर्गजवळच्या बोरसीतली देवाजीची आटाचक्की, म्हणजे पिठाची गिरणी, तिला घ्यायची होती. दुर्गच्या एका साडीच्या शोरूममध्ये नऊ वर्षं उभं राहून तिनं सव्वातीन लाख जमवले होते, आणि देवाजीनं नेमके तेवढेच मागितले. दोन लाख चाळीस हजार मोटर, दगड आणि काट्याचे. पंच्याऐंशी हजार ‘गुडविल’चे, म्हणजे बांधलेल्या गिऱ्हाइकांचे. हा शब्द त्याला नागपूरहून मुलानं, प्रफुलनं, फोनवर शिकवला होता.

बिलांतले युनिट आणि देवाजीनं सांगितलेलं दळण यांचा मेळ बसला. दगडांत दम होता. घरमालक भाडेचिठ्ठी हर्षाच्या नावानं करायला तयार होता.

“मामा, सब सही है. बयाना देऊन टाकू?”

“दे. पण आधी एक दिवस तू एकटी चालव. या नवरा-बायकोले बजारात धाड.”

देवाजी हसला. “कृष्णराव, स्टील प्लांटच्या स्टोअरमधी नट मोजता मोजता तुमचा माणसावरचा भरोसाच उठला.”

“भरोसा आहे, म्हणून तं एकच दिवस म्हणून राहिलो.”

मंगळवारी देवाजी आणि त्याची बायको ललिता दुर्गला गेले. आठला हर्षानं शटर उघडलं. ओट्यावर एकोणीस डबे आधीच उभे होते. पहिल्या पाळीला जाणारे पहाटे डबा ठेवून जातात आणि दुपारी परतताना पीठ उचलतात, अशी इथली रीत.

एकोणीसच्या एकोणीस डबे सारखे. अपघाताविना वर्ष गेलं म्हणून एकदा आमच्या डिपार्टमेंटनं प्रत्येकाला स्टीलचा डबा दिला होता. लग्नात मिळालेल्या वाटीवरसुद्धा नाव कोरणारे आम्ही लोक, पण बक्षिसाच्या डब्याला नावाचा टोचा लावायचा नाही, हा आमचा मान. त्यात एक डबा माझाही होता. कोणता, ते विचारू नका.

हर्षानं एकोणीसही डबे छान बारीक दळले. हीच चूक झाली.

तीनला सिंधुताई आल्या. एक झाकण उघडलं, हुंगलं, बंद केलं. दुसरं उघडलं. “हे कोणाचं हाये वं? माझ्या गव्हात सोयाबीन राहते.” चौथा डबा त्यांचा निघाला. “बापा! आमाले जाडं लागते पोरी. हे तं पावडर करून ठेवलं!”

भाऊराव डब्यांकडे न पाहता एक उचलून निघाले. “पीठ ते पीठ.” पंधरा मिनिटांत बायकोनं त्यांना डब्यासकट परत पाठवलं. पाचपर्यंत ओट्यावर अकरा माणसं आणि अकरा मतं होती.

तेवढ्यात ललिता पिशवी घेऊन ऑटोतून उतरली, मागून देवाजी. ती पाणीही न पिता ओट्याशी गेली. “हा भाऊरावचा. झाकण टाइट, आन चना जास्त, त्याईले शुगर आहे. ज्याची कडी पिचकली तो शर्माजीचा. आन हा कृष्णरावचा, काठोकाठ कधी भरत नाईत, किलोभर कमीच राहते नेहमी.” दहा मिनिटांत ओटा रिकामा झाला. ललिताच्या त्या शेवटच्या वाक्याची गरज नव्हती.

हर्षा भुवयांपर्यंत पांढरी होऊन पोत्यावर बसली होती. आता ही नाही म्हणणार, असं मला वाटलं. देवाजीलाही वाटलं असावं. त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

“काका, मशीनचे दोन चाळीस देते. एक रुपया कमी नाही करत.”

“आन गुडविल?”

“ते पण देते. पण ते तुमच्याजवळ कुठं आहे? ते तर काकूच्या डोक्यात आहे. म्हणून काकूच्या खात्यात टाकीन. महिन्याचे सतरा हजार, पाच महिने. काकू रोज सकाळी दोन घंटे बसतील आणि मले डबे शिकवतील.”

मी मनात गुणाकार केला. बरोबर पंच्याऐंशी.

“अवो, पण आमाले नागपूरले जायचं हाये!” देवाजी म्हणाला. “पोरगा वाट पाहून राहिला.”

“तं तुमी व्हा ना पुढं,” ललिता म्हणाली. “गुडघे तुमचे दुखतात. माझे ठीक आहेत.”

संध्याकाळी प्रफुलचा फोन आला. पैसे आईच्या खात्यात कावून, म्हणून तो विचारत होता. ललितानं आधी शांतपणे पासबुक पिशवीत ठेवलं, मग म्हणाली, “तूनंच तं शिकवलं तुह्या बापाले, गुडविलचे वेगळे पैसे राहतात म्हणून.”

बयान्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. देवाजी अजून नागपूरला गेला नाही; रोज सकाळी बायकोशेजारी स्टूल टाकून बसतो आणि हर्षाच्या आधी डबा ओळखायचा प्रयत्न करतो. काल हर्षानं सतरा बरोबर सांगितले. त्यानं चार.

माझा डबा आता मी काठोकाठ भरून पाठवतो.