लाइलचे खरे वजन

मित्रांनो, मी एक जुने सस्पेन्शन आहे. भंगारात काढण्याइतके जुने मात्र नाही, हे आधीच सांगितलेले बरे. बर्फावरून डोंगर चढणाऱ्या स्नोमोबाइलच्या पोटाखाली, तिच्या फिरत्या रबरी पट्ट्याच्या आत माझी जागा. दोन लांब रूळ, काही दांडे आणि पोलादी स्प्रिंगा, एवढाच माझा संसार. खड्डा आला की आधी मी सोसायचे आणि उरलेसुरले स्वाराच्या कमरेपर्यंत जाऊ द्यायचे. हा माझा अकरावा हिवाळा.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरातल्या एका गावात बर्नी वीब नावाच्या बाईने मला स्वतःच्या हाताने घडवले. तिच्या वर्कशॉपच्या जागी पूर्वी पशुखाद्याचे दुकान होते, आणि पोती तोलायचा लोखंडी काटा अजून कोपऱ्यात तसाच होता. माझा शेवटचा सांधा जोडून झाल्यावर बर्नीने मला फडक्याने पुसले आणि म्हणाली, "हे मोडलं, तर बर्नी नाव लावणार नाही मी." ते ऐकून माझी छाती फुगली. छाती नसली म्हणून काय झाले!

मग एके दिवशी लाइल टोमचक आला, हात गळ्यात अडकवलेला. लाइल लाकडाच्या गिरणीत कामाला होता आणि गावाच्या बचाव पथकात सगळ्यांत पुढे असायचा. त्याच्या सहा हिवाळे आधी कोसळत्या बर्फाच्या लोटाखाली त्याचा मेहुणा टोबी गेला. तेव्हापासून डोंगरात कुणीही अडकले, की लाइल जेवणाच्या ताटावरून उठून निघायचा. लवकर पोहोचता यावे म्हणून त्याने गाडीला टर्बो बसवला होता. इंजिनात जोर आला, पण मागचे सस्पेन्शन राहिले पहिलेच. चढावर जोर दिला की गाडी नाक वर करून उभी राहायची. दोनदा उलटली. दुसऱ्यांदा लाइलचे खांद्याजवळचे हाड मोडले.

त्याची बायको कोरिन सोबत आली होती. टोबी तिचा धाकटा भाऊ.

"बर्नीसमोर सांगते," ती म्हणाली, "तिसऱ्यांदा उलटली की गाडी विकायची आणि पथकाचा वॉकी-टॉकी परत द्यायचा. कबूल?"

"कबूल," लाइल म्हणाला, पण आवाज पार खोल गेला होता.

टेबलावर आम्ही दोघे होतो. एक मी आणि दुसरे एक सडपातळ सस्पेन्शन. त्याच्यात स्प्रिंगांऐवजी हवा भरलेली, आणि माझ्यापेक्षा ते चार किलोंनी हलके. गावातली सगळी तरणी पोरे त्याच्यावर लट्टू होती. लाइलने चांगल्या हाताने ते उचलून पाहिले.

"अगं, हे तर पिसासारखं आहे!"

"ते गोड बटर टार्ट कमी खा, तेवढंच वजन वाचेल," कोरिन म्हणाली.

बर्नी हसली नाही. "हे बघ, कडाक्याच्या थंडीत त्याची हवा बसते आणि तापलं की फुगते. खेळायला जाणाऱ्याला चालतं ते. तू जखमी माणूस ओढून आणतोस. तुला स्प्रिंगच पाहिजे."

लाइलने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि माझ्या रुळावर हात ठेवला. मित्रांनो, ते हलके सस्पेन्शन दिसायला देखणे होते, मी नाकारत नाही. पण निवडले गेले मी.

मग बर्नीने प्रत्येकाला विचारायचा तो प्रश्न विचारला. "वजन सांग. अंगावरच्या सामानासकट."

लाइलने छताकडे पाहिले. "दोनशे दहा पौंड."

कोरिन खोकली. "लग्नात होतं तेवढं."

"बरं, दोनशे वीस."

आमच्या खोऱ्यातले पुरुष पकडलेला मासा वाढवून सांगतात आणि स्वतःचे वजन तेवढे घटवून. बर्नीला हे ठाऊक होते. तिने मनातल्या मनात वीस पौंड वाढवले आणि त्या हिशेबाने माझ्यात स्प्रिंगा बसवल्या.

हात बरा झाल्यावर फेब्रुवारीत पहिली फेरी निघाली. लाइल गाडीवर बसला आणि मी तळाला टेकले! आणखी दबायला जागाच उरली नाही. चढावर त्याने जोर दिला, मागचा भाग रुतला, नाक वर गेले. लाइलने बाजूला उडी मारली म्हणून वाचला.

"उलटली!" खाली उभी असलेली कोरिन ओरडली.

"आडवी झाली!" लाइल बर्फातून ओरडला. "उलटली नाही!"

दोघे तसेच भांडत वर्कशॉपमध्ये आले. "सस्पेन्शनच कुचकामी आहे," लाइल म्हणाला. मित्रांनो, इतका अपमान माझा कधी झाला नव्हता. मला तोंड असते तर तिथल्या तिथे सुनावले असते.

बर्नीने नुसते कोपऱ्यातल्या काट्याकडे बोट केले. "चढ. डोंगरावर जातोस तसाच. हेल्मेट, बूट, पाठपिशवी."

"पिशवी कशाला?"

"ती काय चालत जाते का रे? माझ्या स्प्रिंगांवरच बसते ना?"

लाइल अगदी नाइलाजाने चढला. काटा थरथरत दोनशे एक्याण्णववर थांबला. कोरिन पोट धरून हसली. मग तिचे हसू थांबले.

"घरी दोनशे बेचाळीस होतास. त्या पिशवीत दगड भरलेस की काय?"

तिने पिशवी उघडली. बर्फ उपसायचे घडीचे फावडे निघाले. पाठोपाठ आणखी एक निघाले. बर्फात खुपसून माणूस शोधायच्या काठ्या दोन. औषधांच्या पेट्याही दोन. दर माणसाकडे एकेकच असते.

लाइल बुटांकडे पाहत होता. "टोबीच्या वेळी माझ्या फावड्याचा दांडा मोडला. मग हातांनीच खणत होतो गं. दुसरं असतं तर..."

कोरिनने दुसरे फावडे हातात घेतले. मला माझा अपमान आठवेना.

"सहा वर्षं हे पाठीवर घेऊन फिरतोयस," कोरिन म्हणाली, "आणि मी बिचाऱ्या बटर टार्टना बोल लावत होते." ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "खरा आकडा सांग तिला. त्या आकड्याच्या स्प्रिंगांवर तो चढ चढलास, तर गाडी राहू दे."

बर्नीने नाक पुसले आणि फळीवरच्या जाड स्प्रिंगा काढल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच चढ होता. मागे बचावाची घसरगाडी, तिच्यावर वाळूची दोन पोती. लाइल बसला. मी दबले, पण जेवढे दबायला हवे तेवढेच. त्याने जोर दिला. टर्बो किंचाळला, पट्ट्याने बर्फ धरला, आणि नाक? नाक खालीच! माझ्या पाठीवर दोनशे एक्याण्णव पौंडांचा माणूस होता आणि मागे दोन पोती, तरी आम्ही न अडखळता माथ्यावर गेलो. त्या दिवसाइतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. खाली कोरिन दोन्ही हात वर करून नाचत होती.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी लाइल आपणहून काट्यावर चढला. आकडा थोडा उतरला होता. टार्ट सुटले नव्हते. दुसरे फावडे, दुसरी काठी आणि दुसरी पेटी आता कोरिनच्या पाठीवर होती. ती पथकात आली होती, आणि लाइलच्या मागोमाग तिची गाडी निघायची. बर्नीने माझ्या स्प्रिंगांचा ताण अर्ध्या फेऱ्याने सैल केला. तेवढाच फरक, पण मला तो रोज जाणवतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना हिवाळ्याआधी ग्रीस द्या, नटबोल्ट तपासा, ओले तसेच ठेवू नका. आणि जो तुम्हाला वाहून नेतो, त्याच्यापासून आपले ओझे लपवू नका. दोनशे एक्याण्णव असेल, तर दोनशे एक्याण्णव सांगा. मी पेलेन.