कर्ण्याच्या तोंडातले खडूचे नाव

हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन.

घाबरू नका, मित्रांनो. मला वायर नाही, नुसती सवय आहे. मी एक जुना कर्णा आहे, मैदानात खांबाला बांधतात तसला. सध्या मुक्काम पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत, दुसऱ्या फळीवर. गळ्यात सुतळी, सुतळीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर आकडा: एकेचाळीस.

पत्र्याच्या एका चकतीला दाबून दाबून माझे तोंड घडवले. मला विकत घेतले ते भोंगेकाकांनी. त्यांच्या दुकानात माझ्यासारखे सहा जण होते आणि सगळे भाड्याने जात. मोठ्या मैदानात कुणाचा कर्णा कुणाकडे जाई, म्हणून काकांची एक पद्धत होती. माझ्या तोंडात आतल्या बाजूला ते खडूने गिऱ्हाइकाचे नाव लिहीत. पुढचे गिऱ्हाईक आले की ओल्या फडक्याने पुसत आणि नवे लिहीत. मधल्या काळात जुनेच राही.

"बाबा, शेजारी तारीख घालत जा," त्यांची लेक म्हणायची.

"कशाला? माझं डोकं काय भाड्याने दिलंय?"

ते दिवस सुखाचे होते.

*लाल स्वेटर घातलेली पाच वर्षांची मुलगी पाण्याच्या टाकीजवळ आहे. ती रडत नाहीये. पण तिची आई रडत असेल, तिने लवकर यावे.*

आई धावत आली आणि मुलीला सोडून तिने आधी मलाच हात जोडले. खरेच सांगतो.

मग एक संघटना गिऱ्हाईक झाली. पहिल्या सभेत पाण्याच्या नळाबद्दल बोलले, दुसऱ्या सभेत त्या लोकांबद्दल, म्हणजे नळापलीकडे राहणाऱ्यांबद्दल. तिसऱ्या सभेत व्यासपीठावरचा माणूस म्हणाला, "त्यांची घरं पेट-" आणि माझा आवाज बंद झाला. काकांनी वायर उपटली होती.

"माझ्या कर्ण्यातून हे नाही. चला, गुंडाळा."

दोनशे माणसांनी ते पाहिले. हा आकडा लक्षात ठेवा.

काका मला घरी घेऊन आले. संघटनेचे नाव तोंडात तसेच राहिले. पुसणार कसे? पुढचे गिऱ्हाईकच आले नव्हते.

त्या सभेनंतर पाचव्या दिवशी बाजारात स्फोट झाला.

*जखमींच्या नातेवाइकांनी दक्षिण दारापाशी यावे. निळा सदरा, उजव्या हातावर जुन्या भाजल्याची खूण. बांगड्या विकणारे. ओळखीचे कुणी असल्यास*

इस्पितळाच्या पायऱ्यांवर काका दिवसभर नावे पुकारत होते. कुणी बोलावले नव्हते, भाडे नव्हते, म्हणून नवे नावही लिहिले नाही. संध्याकाळी त्यांचा घसा बसला, तेव्हा लेकीने माईक घेतला.

स्फोट त्या संघटनेनेच घडवल्याचे उघड झाले आणि नवव्या दिवशी सरकारने तिच्यावर बंदी घातली. घालायलाच हवी होती, मित्रांनो. त्या पायऱ्यांवर मी होतो. कायद्यात लिहिले होते की लोकांत दहशत पसरवण्यासाठी हिंसा करील तो दहशतवादी, आणि बंदीनंतर अशा संघटनेला साधने पुरवील तोही गुन्हेगार.

अकराव्या दिवशी पोलीस दुकानात आले. एका साहेबांनी माझ्या तोंडात बॅटरी मारली.

"काका, हे काय?"

"गिऱ्हाइकाचं नाव, साहेब. बंदीच्या आधीचं."

"तारीख कुठंय?"

काकांनी लेकीकडे पाहिले. "सांगत होते ना" असे ती म्हणाली असती तर बरे झाले असते.

काकांच्या वकीलबाई म्हणाल्या, "आधी दिला असेल तर गुन्हा नाही. नंतर दिला असेल तर आहे. आणि या कायद्यात जामीन सहजासहजी नाही. साक्षीदार आणा."

लेक दोनशे दारे फिरली. "वायर उपटताना तुम्ही होता ना?"

"मी? छे गं बाई. मी त्या सभेला कशाला जाऊ?"

बंदी घातलेल्या संघटनेच्या सभेला मी होतो, हे कोण म्हणणार? पुरावा माझ्या तोंडात होता, आणि तोंड असून मी मुका.

काका तुरुंगात, मी या फळीवर. चार वर्षे गेली.

शेवटी न्यायालयात एक बाई आपणहून आल्या. बांगड्यावाल्यांची विधवा. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"इस्पितळात मी ह्याच्याचसमोर उभी होते. नवऱ्याचं नाव येतंय का म्हणून दिवसभर ह्याच्या तोंडाकडे बघत होते. ही अक्षरं तेव्हापासून आहेत. मेले तरी विसरणार नाही."

तेव्हा बंदी यायला चार दिवस होते. काका सुटले.

सुटले, पण दुकान उघडले नाही. तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाकडून कर्णा न्यायला कुणी येईना, वायर त्यानेच उपटली असली तरी. एकदा ते इथे आले, मला न्यायला. मैदानभर ऐकू जाणारा तो आवाज इतका खाली गेला होता की कारकुनाने दोनदा "काय?" विचारले.

"सुटकेविरुद्ध सरकारचं अपील चालू आहे, काका. ते संपेपर्यंत देता येत नाही."

"बरं. मग नुसतं पुसू का?" त्यांनी खिशातून ओले फडके काढले. घरूनच भिजवून आणले होते.

"पुराव्याला हात लावायचा नाही."

काकांनी फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. मग ते गेले. टेबलावर एक ओला डाग राहिला. तोही वाळला.

मित्रांनो, कुणाचे नाव लिहाल तर शेजारी तारीख लिहा. आणि कुणाला वायर उपटताना पाहाल तर पाहिले म्हणून सांगा. ते दोनशे जण याच गावात आहेत. मला इथून त्यांच्या सायकलींच्या घंटा ऐकू येतात.

*हॅलो. दोनशे माणसे हरवली आहेत. ओळखीचे कुणी असल्यास*