झेरॉक्समधलं कुंकू

या खेपेला कोल्हापूरला मीपण येणार, असं मालनने जाहीर केलं तेव्हा आत्मारामचा घास हातातच राहिला.

"तू कशाला? सुई टोचतात, मशीनीत घालतात, बाहेर काढतात. काय हाय त्यात बघण्यासारखा?"

"मना बघायचाय."

"आणि गुरांना पाणी कोण दाखवणार?"

"शेजारच्या काशीला सांगितलाय."

विषय संपला. मालनचं बोलणं असंच, एका घावात दोन तुकडे. आणि यावेळी तिला कारणही होतं. दिवाळीपासून नवरा वाळत चालला होता. पँट कमरेवर ठरेना म्हणून सुतळी बांधायचा आणि विचारलं की म्हणायचा, वय झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी कसलं आलंय वय? त्याचा बाप ऐंशीच्या घरात माडावर चढायला मिळत नाही म्हणून घरच्यांशी भांडत होता.

दोन वर्षांपूर्वी आत्मारामच्या डाव्या टाचेचा मोठा तुकडा डॉक्टरांनी कापून काढला होता आणि मांडीची कातडी तिथे बसवली होती. मेलानोमा. कातडीचा काळा कर्करोग, असं डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. टाचेवर काळा डाग होऊन तो आला होता आणि वर्षभर मालनच्या डोळ्यांसमोर होता. डोळ्यांसमोर कसला, हाताखाली होता. आत्मारामच्या टाचा दर उन्हाळ्यात भेगाळायच्या आणि ती दिव्यावर बिब्बा तापवून त्याचं तेल भेगांत भरायची. बिब्बा लागला की कातडी काळी पडते, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. म्हणून डाग दिसला तो बिब्ब्याचा वाटला. वाढला तेव्हा भेग भरली नसेल म्हणून तिने आणखी बिब्बा लावला.

"कधीपासून आहे हा डाग?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मालनला सगळं एकदम उमगलं आणि तिने तिथल्या तिथे भिंतीवर कपाळ आपटून घेतलं. नर्सने धरलं नसतं तर फोडूनच घेतलं असतं. बिब्ब्याने हा रोग होत नाही, असं डॉक्टरांनी तिला चारदा समजावलं. पण बिब्ब्याने तो झाकला होता ना? पुढे महिनाभर ती आपल्या उजव्या हाताकडे बघून रडायची.

ऑपरेशननंतर दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन करायचं ठरलं होतं. उपाशीपोटी जायचं. सुईतून साखरेसारखं औषध देतात, रोग जिथे असेल तिथे ते जमतं आणि पडद्यावर ती जागा उजळते. पहिल्या खेपेला दोघं गेली, अंबाबाईचं दर्शन घेऊन आली, आणि रिपोर्ट स्वच्छ निघाला. पोराच्या मार्कशीटला लावावं तसं मालनने त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं आणि तो देवाच्या फळीवर ठेवला. पुढच्या दोन खेपांना घरात गाय व्यायलेली, नाहीतर भात कापणीला आलेलं, म्हणून आत्माराम फाइल काखेत मारून एकटाच गेला. संध्याकाळी दारात उभा राहून पाकीट पुढे करायचा. "स्वच्छ," म्हणायचा. मग मालन पुन्हा कुंकू लावायची. संदेश, त्यांचा मुलगा, बोटीवर होता. तो आठ-आठ महिने समुद्रात, फोन लागला तर लागला. त्यालाही बाप हेच सांगायचा.

जेवण आटोपून आत्माराम बागेकडे गेला आणि मालनने फाइल भरायला घेतली. देवाच्या फळीवरून तिन्ही रिपोर्ट काढले, धूळ झटकली, जमिनीवर एकाशेजारी एक मांडले.

पहिल्यावर तिने लावलेलं कुंकू होतं, वाळून विटकरी झालेलं. बोट जरा घसरलं होतं, त्याची खाली ओघळल्यासारखी शेपटी आली होती. दुसऱ्यावर तिचं कुंकू होतं आणि त्याच्याखाली एक काळा ठिपका. तिसऱ्यावरही तसाच. हा ठिपका तिला आधीही दिसला होता. मशीनचा शिक्का असेल, असं समजून तिने बरोबर त्याच्यावर बोट टेकवलं होतं. आता तिन्ही कागद शेजारी आले तेव्हा तिला दिसलं, की काळ्या ठिपक्यालाही शेपटी आहे. खाली ओघळलेली, तशीच, तेवढीच.

मालन सातवी शिकली होती. इंग्रजी वाचता येत नसलं तरी कॅलेंडरावरचे आणि एसटीच्या तिकिटावरचे आकडे वाचता येत होते. तिने पहिल्या कागदावरची तारीख बोट ठेवून वाचली. दुसऱ्यावरची वाचली. तिसऱ्यावरची वाचायची गरज नव्हती, तरी वाचली.

ती तिथेच बसून राहिली. आत्माराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याला लागणारं डोकं आणि जीभ दोन्ही देवाने त्याला जरा हात आखडूनच दिलं होतं. म्हणून तर तिने कधी उलटून बघितलं नाही. आता एकेक आठवायला लागलं. स्कॅनच्या दिवशी अंगात औषध असतं म्हणून लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलेलं, तर शेजारचं तान्हं घरात येऊ नये म्हणून दोन्ही खेपांना हा शहाणा पडवीत झोपला होता. तिने लांबून सरकवलेलं ताट मुकाट्याने ओढून घेऊन जेवला होता. आणि दोन्ही खेपांना अंबाबाईचा प्रसाद आणला नव्हता. देवळात जायला फावलं नाही, म्हणाला होता. देवीच्या नावाने खोटं बोलायची मात्र छाती झाली नव्हती.

तीन कागद घेऊन ती बागेत गेली. आत्माराम कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर बसला होता. कागद बघितले आणि त्याने मान खाली घातली.

"तारीख वाचलीस?" त्याने विचारलं.

"वाचली. कुंकूपण बघितला. कुठं जात होतात?"

"पालीला."

"पालीत कोण हाय आपला?"

"कोण नाय. ष्टँडवर बाक हाय. गाडी पालीला थांबली की उतरायचो. पुढची गाडी पकडू म्हणायचो. मग त्याच्या पुढची. दुपारपर्यंत उपाशीच बसायचो गो, खरंच. मग तुझा डबा खायचो. समोर झेरॉक्सवाला हाय."

"आणि पडवीत कशाला झोपलात?"

तो बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला.

"मी घाबरलो," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला त्या मशीनीत पडलो ना, तेव्हाच ठरवला, परत नाय. आणि समज, काय निघाला असता तर तू पुन्हा कपाळ आपटून घेतला असतास. माझ्यासमोर. ता मना बघवला नसता."

"माझा कपाळ माझा मी बघितला असता!" मालन ओरडली. हातातले कागद त्याच्या तोंडावर मारावेत असं तिला वाटलं, आणि त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच करता येईना. "आणखी काय लपवलाय?"

आत्मारामने तिचा उजवा हात धरला आणि पँटवरून डाव्या जांघेवर टेकवला. सुपारीएवढी गाठ होती, दगडासारखी घट्ट.

"कधीपासून?" मालनने विचारलं, आणि हे आपण नाही, डॉक्टर बोलताहेत असं तिला वाटलं.

"गणपतीपासून."

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून पहाटेच्या एसटीत तिने त्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला गुडघे रोवून बसली. पालीला गाडी थांबली. दोन माणसं उतरली, चार चढली. आत्मारामने तिच्याकडे बघितलं नाही आणि तिने गुडघे हलवले नाहीत. गाडी सुटली तेव्हा कुठे तिने ते सैल सोडले.

कोल्हापुरात तो स्कॅनसाठी आत गेला तेव्हा ती अंबाबाईला जाऊन आली. मागितलं काहीच नाही. काय मागावं हेच तिला सुचलं नाही. कुंकवाची पुडी घेतली आणि परत येऊन बाहेर बसली.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. पडद्यावर आत्मारामचं शरीर राखाडी दिसत होतं आणि त्यात जागोजाग उजळलेलं होतं. जांघेत, यकृतात, फुप्फुसात, पाठीच्या कण्यात. डॉक्टर एकेका जागेवर पेनाचं टोक नेत होते. मग त्यांनी फाइल चाळली आणि चष्मा काढला.

"मधली दोन स्कॅन कुठे आहेत?"

आत्मारामने तोंड उघडलं. त्याच्या आधी मालन बोलली.

"माझ्यामुळं राहिली, डॉक्टरसाहेब. घरात कामं होती. मीच नाय पाठवला."

डॉक्टर चिडले. दर सहा महिन्यांनी यायचं म्हणजे यायचं, हे काय गंमत म्हणून सांगतो का आम्ही, वर्षापूर्वी आला असता तर काही हातात होतं, आता औषधं आहेत पण फार आशा धरू नका, असं बरंच बोलले. मालन मान खाली घालून ऐकत राहिली. बिब्ब्याबद्दल तिला कुणी कधी एका शब्दाने बोललं नव्हतं. ती राहिलेली बोलणी तिने आज पोटभर खाऊन घेतली. आत्माराम तिच्याकडे बघत होता.

दोघांनी परतीची गाडी धरली. उन्हं उतरताना पाली आली, तशी मालन उठली.

"उतरा."

"अजून रत्नागिरी कुठं आली?"

"उतरा. मना दाखवा, कुठं बसायचात."

त्याने दाखवलं. कडेचा सिमेंटचा बाक, एक कोपरा तुटलेला. समोर झेरॉक्सचं दुकान होतं, मशीनचं झाकण उघडत होतं, मिटत होतं. दोघं बसली. मालनने डबा उघडला. भाकरी कडक झाली होती, आत्मारामने दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. एक बाई कडेवर पोर घेऊन बाकावर टेकायला आली, तसा तो घाईने उठून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. आज अंगात खरंच औषध होतं. मालनही उठली आणि त्याच्या लगत, खांद्याला खांदा लावून बसली.

"लांब बस गो. सांगितलाय ना त्यांनी?"

"मी काय तान्ही हाय?"

थोड्या वेळाने आत्मारामने पाकिटातून रिपोर्ट काढला आणि मांडीवर सरळ केला.

"लाव याला," तो म्हणाला.

"याला?"

"हा तरी खरा हाय."

मालनने पुडी सोडली. उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात टेकवलं. बोट घसरलं, शेपटी याही खेपेला आली. तिने कागद घडी घालून पाकिटात ठेवला, पाकीट पिशवीत ठेवलं, आणि मग ती दोघं पुढच्या गाडीची वाट बघत बसली.